मुलाणीबाईंचा राग

होळीच्या आधीचे दिवस आले, की मुलाणीबाई भरे गावाच्या फाट्यावर पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहत. मोटरसायकलवरून कुणी विडी ओढत आला, की हात आडवा घालून त्याला थांबवत आणि बाटली पुढे करत. "विझव. पायानं न्हाई, पाण्यानं." समोर सरपंच असो की कंपनीतून सुटलेला कामगार, विडी भिजल्याशिवाय बाई बाजूला होत नसत. हिंजवडीतल्या नोकरीसाठी मी लातूरहून आले आणि भऱ्यात घर घेतलं, तेव्हा मला वाटलं, या बाईंचं डोकं फिरलेलं असावं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. बाईंना राग होता, आणि रागाला कारण होतं.

गावामागचा डोंगर दरवर्षी पेटायचा. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं, असं कुणी म्हणे. कुणाला प्लॉट पाडायला मोकळी जमीन हवी असे. बाईंचा जन्म याच भागातला. विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगराच्या एका उतारावर जांभूळ, हिरडा, बेहडा लावायला घेतला. मी आणि शेजारचा संपत त्यांच्या हाताखाली आपोआप ओढले गेलो. उन्हाळ्यात आम्ही पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन वर चढत असू. मी धापा टाकत थांबले, की वरून हाक यायची, "लातूरकर, झाड काय तुझ्या सवडीनं पाणी पिणार हाय व्हय?"

बाई वर्गात पुस्तकी मराठी बोलत, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. पण रागावल्या की थेट मावळी. आणि रागातसुद्धा एक वाक्य ठरलेलं : "कारण सांगू नको, कारण शोध." गृहपाठ विसरलेल्या पोरांना जे वाक्य, तेच बंद पडलेल्या पंपाला आणि तेच वीज कंपनीच्या साहेबाला.

झाडांभोवती आम्ही जाळरेषा राखत होतो. वाळलेलं गवत नि पाला काढून मोकळा पट्टा ठेवायचा, म्हणजे वणवा तिथं येऊन अडतो. पण वारा सुटला की पट्ट्यावर पुन्हा पाला साचायचा. तो झटक्यात उडवायला आम्ही वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारा, जोराची हवा मारणारा ब्लोअर घेतला होता. तो संपतच्या गोठ्यात असे.

होळीच्या आधीच्या एका रविवारी मी जेवायला बसत होते, तेवढ्यात बाईंची हाक आली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धूर दिसत होता. वारा आमच्या उताराकडे होता. आग पोचायच्या आत पट्टा साफ झाला, तर झाडं वाचणार होती. संपतने ब्लोअर अंगणात आणला, चोक ओढला, दोरीला हिसका दिला. काही नाही. पुन्हा हिसका. काही नाही. घाबरून तो हिसक्यावर हिसके द्यायला लागला.

"थांब!" बाई ओरडल्या. "रेडा हाय का तो, मारल्यावर उठायला?"

त्यांनी बटण पाहिलं, चालूवर होतं. पाना मागवून प्लग काढला, पदराने पुसला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला आणि संपतला दोरी ओढायला लावली. ठिणगी लख्ख पडली. हवेची जाळी झटकली. मग टाकीतलं थोडं पेट्रोल बोटांवर घेऊन चोळलं. बोटं लगेच कोरडी झाली, तेलाचा ओशटपणा नाही. बाईंचा चेहरा बदलला. या यंत्राला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावंच लागतं, जुन्या स्कूटरला घालत तसं. नाहीतर आतलं लोखंड लोखंडावर घासतं. बाईंनी प्लगच्या भोकावर अंगठा दाबला. "ओढ." संपतने ओढलं. दोरी सुळकन आली.

"हवेनं अंगठा ढकलाया पायजे, हलला बी न्हाई," बाई म्हणाल्या. "दमच उरला न्हाई आत. जाळलंय कुणीतरी. कुणाला दिलं व्हतंस?"

संपतने खाली बघत सांगितलं, "बाळासाहेबांनी नेलं व्हतं. लग्नाचं लॉन झाडायला. मोठा माणूस, न्हाई कसं म्हणू?" बाळासाहेब म्हणजे गावातल्या लग्नाच्या लॉनचे मालक, बाईंचेच जुने विद्यार्थी.

बाई त्याला जे बोलल्या, ते इथं लिहिण्याजोगं नाही. बोलता बोलताच त्यांनी करंजाच्या ओल्या फांद्या तोडल्या, एकेक आमच्या हातात दिली आणि पुढे चालू लागल्या.

पट्ट्यावर घोट्याएवढा पाला होता. आम्ही फांद्यांनी लोटत होतो, आणि एवढ्यात आग आलीच. गवताची आग लांबून सुंदर दिसते म्हणतात. जवळून ती तडतडते, तोंडातलं पाणी ओढून घेते. आम्ही झोडपत राहिलो. गावातली आणखी माणसं येईपर्यंत आग पट्टा ओलांडून गेली होती. खालची थोडी झाडं राहिली. वरची सगळी गेली. जांभळांची कोवळी पानं जागच्या जागी आक्रसली. बाईंचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. मी दवाखान्यात चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी लॉनवर."

लॉनवर हळदीची तयारी चालली होती. पिवळी फुलं, पिवळे पडदे, पाहुणे यायला लागलेले. पांढऱ्या कपड्यातले बाळासाहेब मंडपवाल्यांना सूचना देत होते. काजळीने माखलेल्या बाईंनी संपतच्या अंगणातून उचलून आणलेला ब्लोअर त्यांच्या पायाशी ठेवला.

"बाळू, चालू कर."

"बाई, हात भाजलाय तुमचा! बसा आधी—"

"चालू कर म्हणते."

पाहुणे बघायला लागले. बाळासाहेबांनी हसत वाकून दोरी ओढली. एकदा, दोनदा, पुन्हा. हसू गेलं. सदरा पाठीला चिकटला. थांबले, की बाई एवढंच म्हणत, "अजून."

"बाई, पाव्हणे हायेत हितं. उद्या नवीन आणून देतो."

"नवीन मशीन आणशील. माझी जांभळं कुटनं आणशील?" बाईंनी दोरीकडे बोट दाखवलं. "का चालू होत न्हाई, सांग."

"मला काय माहीत? आमच्याकडं तर चाललं."

"कारण शोध, बाळू."

बाळासाहेबांनी हातातली दोरी सोडली. मग ते हळूच म्हणाले, "तेल घालायचं राहिलं."

"बस खाली," बाई म्हणाल्या, आणि वळून चालू लागल्या. बाळासाहेब खरंच खुर्चीवर बसले.

नवीन ब्लोअर आला. त्यावर 'सौजन्य' म्हणून बाळासाहेबांचं नाव चिकटवलेलं होतं. बाईंनी ते सुरीने खरवडून काढलं आणि यंत्र कामाला लावलं. वरच्या उतारावर पावसाळ्यात पुन्हा खड्डे घेतले. पुढच्याच श्रावणात बाई हृदयविकाराने गेल्या.

शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्ष बाळासाहेब. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "बाई म्हणजे शांत, मायाळू मूर्ती. आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलल्या न्हाईत." मला ऐकवेना. आधी बाईंचा डोंगर जळू द्यायचा, आता बाईंचा रागही पुसून टाकायचा?

मी उभी राहिले. "बाई शांत नव्हत्या. बाई रागीट होत्या. आणि तुमच्यावर सगळ्यात जास्त होत्या, बाळासाहेब."

"ताई, ही येळ न्हाई," ते म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. भाजीचा गाळा चालवणारी, मी तिला ओळखतही नव्हते. "माझ्या बापानं सातवीत माझी शाळा बंद केली," ती म्हणाली. "तवा बाई आमच्या दारात येऊन बापाला इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की दुसऱ्या दिशी त्योच मला सायकलवर बसवून शाळंत घेऊन आला."

मग संपत उठला. मग आणखी कुणी, मग एकाच वेळी दोघं. कुणाला बाईंनी कधी झापलं, कुणाला दारूच्या दुकानातून कॉलर धरून बाहेर काढलं. लोक रडत होते, हसत होते, आवाज चढवून बोलत होते. माईक बाळासाहेबांच्याच हातात राहिला. कुणाला त्याची गरज नव्हती.