गाळलेलं वाक्य

सांगलीच्या आमच्या कॉलेजात इथिओपियाहून एक संशोधक आली होती, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. विषय क्षारपड जमिनीचा. तिच्या देशातली उसाची रानंही पाणी देऊन देऊन इथल्यासारखीच मीठ फुटून पांढरी पडत होती. मी मातीशास्त्र शिकवते. त्याच वर्षी माझा स्वतःचा प्रस्ताव निधी नाही म्हणून परत आला होता. तिच्यासोबत गावात जाऊन दुभाष्याचं काम करायचं, असं मला सांगण्यात आलं. गेले, पण मनातून धुमसत.

कृष्णाकाठच्या एका गावात फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांनी तिला प्रयोगासाठी आपलं रान दिलं. तिथं तिनं जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायला सात नळ्या पुरल्या. दर आठवड्याला चिखल तुडवत जायची, प्रत्येक नळीत टेप सोडायची, आकडा लिहायची. एकही आठवडा चुकवला नाही.

एकदा बांधावर चहा घेताना सुभेदार मला म्हणाले, "म्याडम, ह्या बाईंचा खर्च आपलंच सरकार करतंय न्हवं? मग आमच्या रानाचं काय हुणार, इचारा की तिला."

मी विचारलं. ती सावकाश बोलली. जमीन कधी सुधारेल ते आज सांगता येणार नाही. खोटं आश्वासन देणार नाही. पण दोन पावसाळे पाणी मोजलं तर निचऱ्याचे पाइप किती खोल घालायचे ते कळेल. ते इथं उपयोगी पडेल आणि माझ्या देशातही.

सुभेदार माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "जमिनीचं काही सांगता येत नाही म्हणते. तिला तिच्या देशासाठी मोजायचंय."

खोटं काहीच बोलले नाही, फक्त थोडं गाळलं, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःला समजावत होते.

पुढच्या आठवड्यात सातही नळ्या उपसून बांधावर ठेवलेल्या होत्या. "आमाला आता उसाची लागण करायची हाय," सुभेदार म्हणाले. तिनं हात जोडले आणि नळ्या जीपमध्ये भरल्या. एकाच पावसाळ्याची मापं घेऊन ती मायदेशी गेली.

तीन वर्षांनी त्या गावात निचऱ्याची योजना आली. सुभेदार कॉलेजात मला शोधत आले. "त्या बाईंची मापं हायती का? पाइप किती खोल घालायचा, कुणालाच सांगता येईना."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी आमी तिला उगंच हाकललं व्हय?" एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले.

मी त्याच दुपारी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, माझ्या रंगामुळं त्यांनी..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. तीन वर्षं ती हे मनात घेऊन राहिली होती, आणि ते मी तिला दिलं होतं. मी माफी मागितली. "मापं पाठवते," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिची मापं आली. सोबत लिहिलं होतं, एका पावसाळ्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्यांवरच पाइप घातले. वरच्या अंगाला आता ऊस येतो. नदीकडच्या बाजूला अजून पाणी साचतं, मीठ फुटतं. त्या गावात जायचं काम निघालं, की मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते.