गावात नोंदवलेलं मरण

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी सही करायच्या आधी कागद वाचावा, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

माझा मुलगा परदेशात बंदरावर वेल्डर होता. तिथल्या सरकारी गोदामात स्फोट झाला, त्यात तो गेला. शरीर म्हणून हाती काही लागलं नाही. वर्षभर वाट बघून आम्ही सीना नदीच्या काठी दर्भाचा पुतळा केला आणि मुलगा समजून त्याला अग्नी दिला. बायको नकोच म्हणत होती.

"गवत जाळल्यानं पोरगं मेलं व्हय?"

भावकीनं तिला गप्प केलं. मीही केलं.

ग्रामसेवक त्या विधीला होता. मृत्यूची नोंद त्यानंच केली. तारीख पुतळा जाळल्याची, ठिकाण आमचं गाव. खाली माझी सही.

पुढं भरपाईचा दावा दिल्लीला गेला. दोन्ही सरकारांची बोलणी सुरू आहेत, असं पत्र दरसाल यायचं. वाक्य तेच, साहेबाची सही तेवढी बदललेली. बायको म्हणायची, पैसं राहू द्या, पोरगं त्यांच्या बंदरात मेलं एवढं तिकडच्या सरकारनं लिहून द्यावं. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. आता पत्र मोठ्यानं वाचलं तरी ऐकणारं कोणी नाही.

यंदा कर्जतला तहसीलात बोलावलं. तिकडचं सरकार म्हणतंय, तुमच्याच दाखल्यावर मुलगा तुमच्या गावात वारलाय, मग आमचा काय संबंध? एवढी वर्षं दोन्हीकडचे लोक चहा पीत बसले आणि हा दाखला आत्ता सापडला? त्यांनी तो जपूनच ठेवला असणार. आपल्या लोकांनी तो आधी वाचला नव्हता, हेही मला पटत नाही.

तहसीलातल्या साहेबांनी नवा अर्ज पुढं सरकवला. गावची नोंद रद्द करण्याचा.

"म्हंजे पोरगं परत जित्तं?"

"कागदापुरतं, बाबा."

"आन् त्यांनी तरीबी न्हाई म्हणलं तर?"

साहेबांनी अर्जावर पेन ठेवलं.

या वेळी मी अर्ज दोनदा वाचला. सही केली आणि वर माझ्या अक्षरात लिहिलं, आम्ही त्या दिवशी फक्त गवत जाळलं, हे त्याची आई तेव्हाच म्हणाली होती. साहेब म्हणाले, असलं लिहिता येत नाही. मी म्हणालो, मग माझ्यासमोर खोडा. त्यांनी खोडलं नाही.

माझ्यामागं खोडतील. म्हणून तिथंच झेरॉक्स काढली, तिच्यावर शिक्का घेतला आणि तो नीट उठलाय का, ते दारात उजेडाला धरून बघितलं.