केरूचा अर्धा श्वास

केरूला एका जागी बसवणं त्याच्या आईला जमलं नाही, बायकोला जमलं नाही, आणि आता कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टर समीक्षा ते करू पाहत होत्या. खुर्चीच्या कडेला टेकून तो पाय असा हलवत होता की टेबलावरचा पेला वाजत होता. शेजारी बसलेली राही, त्याची बायको, डोळे वटारून थकली होती.

रत्नागिरीच्या बंदरात केरूला सगळे ओळखतात ते बुडीसाठी. भर समुद्रात जाळं बोटीच्या पंख्यात गुंतलं की सुरी दातांत धरून हा खाली जातो आणि दोर कापतो. वर खलाशी देवाचा धावा करत असतात, आणि हा आरामात वर येऊन विडी मागतो. छाती फुटेस्तोवर हवा भरून घ्यायची, एवढंच त्याचं शास्त्र. आता त्याच्या यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली होती, आणि जुन्या काविळीने यकृत इतकं खिळखिळं करून ठेवलं होतं की कापाकापी झेपली नसती. गाठ जागच्या जागी मारायची, नाहीतर ती केरूला मारणार.

"सुई घालून जाळतात म्हने," केरू म्हणाला. "काय ता एकदाच जाळा नि मला मोकळा करा. पावसाळ्याची मासेमारी बंदी उठली की बोट जायची हाय."

डॉक्टरांनी समजावलं. तापलेल्या सुईने गाठ तिथल्या तिथे शिजते आणि काम झालं की नाही ते लगेच कळतं, हे खरं. पण ह्याची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून होती. वाहतं रक्त उष्णता ओढून नेणार आणि त्या बाजूची कड जिवंत राहणार.

"इंजिनाला पानी फिरवतो तसा," केरू पुटपुटला.

"अगदी तसंच."

त्याला पटलं, आणि तीच पंचाईत झाली. पटलं नसतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

राहिले किरण. सुई नाही, भूल नाही. निरनिराळ्या बाजूंनी सोडलेले किरण गाठीवर येऊन मिळतात, आणि शेजारून रक्त वाहिलं म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. मात्र गाठ हळूहळू मरते, कळायला काही महिने जातात. शिवाय श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, म्हणून किरण चालू असताना श्वास धरायचा.

"श्वासाची काळजी सोडा, मॅडम," केरू त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.

सरावातच घोळ झाला. यंत्राखाली आडवा पडल्यावर भिंतीतून आवाज आला, "श्वास घ्या. धरा." केरूने खोलीतली होती नव्हती ती हवा आत ओढली. समोरच्या पडद्यावरची त्याच्या श्वासाची रेघ हिरवा पट्टा ओलांडून वर गेली आणि यंत्र थांबलं. पुन्हा तेच. "सोडा" म्हटलं तरी हा सोडेना.

"काका, एवढा श्वास घेतलात की गाठ खाली सरकते, आणि किरण भलत्याच जागी लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "मला अर्धाच हवा, आणि दर वेळी तेवढाच. नाही जमलं तर हा उपाय मला करता येणार नाही."

केरूचं तोंड उतरलं. अर्ध्या श्वासावर कुठला शहाणा खाली जातो?

संध्याकाळी लॉजच्या खोलीत तो दार ते खिडकी येरझाऱ्या घालत राहिला. "ह्यापरीस सुई बरी होती. निजवून तरी टाकलान असता."

"आधी निजा," राही म्हणाली. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. "घ्या. बस!" तो थांबला नाही. परत तेच, परत तेच. शेवटी तिचा तोल सुटला. "अवो, पान्यात नाय जायचा हाय तुमाला! हवा हाय हितं, लागंल तेवढी हाय!" आणि तिला रडू फुटलं.

तो खाली असताना किनाऱ्यावर हिचं काय होत असेल, हे केरूच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने श्वास घेतला, आणि तिच्या हाताने जरासं दाबताच थांबला.

"एवढाच," राही म्हणाली.

किरणांच्या सगळ्या बैठका पार पडल्या. ना चटका, ना कळ, आणि ह्यानेच केरूचं डोकं फिरलं. काही झालं तरी की नाही? बंदी उठली, बोटी गेल्या, हा कूस चाचपत धक्क्यावर फेऱ्या मारत राहिला. कुणी विचारलं तर खेकसायचा, नाही विचारलं तर जास्तच.

काही महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टर समीक्षा फोटो बघत होत्या. "गाठ दिसतेय अजून."

केरूचा पाय हलायचा थांबला.

"पण आत रक्त जात नाहीये. मेलीय ती."

केरूचा पाय तरीही हलेना. राहीने घाबरून त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट हलत नव्हतं. बरोबर अर्ध्यावर थांबलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "सोडा आता."