फळीवरचा वाडगा

"आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर? वर जाऊन मी काय जबाब देऊ?" यशवंतचा आवाज चढला.

"हळू बोला. आत्या जाग्या आहेत," विजयमाला म्हणाली. इस्पितळातलं आयाचं पांढरं लुगडं अजून तिच्या अंगावरच होतं. दिवसभर वॉर्डातल्या रोग्यांचं उपसून घरी यावं, तर इथेही तेच, आणि वर आत्म्याच्या तारणाचा वाद.

"जागीच हाय," खाटेवरून सासू, दगडाबाई, म्हणाली. "मेल्यावरबी झोपू देनार न्हाय ह्यो."

यशवंत मिशनच्या शाळेत मास्तर, चर्चच्या मंडळीचा पंच. बोर्डिंगात असताना तो ख्रिस्ती झाला. आई आणि धाकटा जोतीराम मंगळवेढ्याला आपल्या देवांपाशीच राहिले. बहात्तरच्या दुष्काळात म्हातारी सोलापूरला आली ती राहिलीच. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायची, आणि मग उशीखालचा अंबाबाईचा टाक काढून कपाळाला लावायची. यशवंतला ते सोसत नसे. विजयमाला जन्माची ख्रिस्ती. आपल्या देवाची एवढी काळजी करायची तिला सवयच नव्हती.

आता म्हातारीनं अन्न सोडलं होतं. रविवारी पाळकसाहेब घरी येऊन बाप्तिस्मा देणार, असं यशवंतनं परस्पर ठरवलं होतं.

"आई, तू नुसतं हो म्हण. डोक्यावर पाणी घालतील, एवढंच."

"एवढंच हाय तर आडतंय कशाला?"

"प्रभूशिवाय तारण नाही, आई. सत्य एकच असतं."

"आसंल की. तुजा देव चांगलाच हाय. पर जिच्या भरवशावर तुमा दोघांस्नी वाढवलं, तिला मरताना सोडू व्हय? शेजारनीलाबी कुनी आसं करत न्हाय."

विजयमालानं चुलीवरचं पाणी उतरवलं. सासूचं अंग पुसायची वेळ झाली होती. नेहमीचा पितळी वाडगा जागेवर नव्हता. चिंच लावून, घासून यशवंतनं तो वरच्या फळीवर ठेवला होता. तिनं तो खाली काढला.

"तो बाप्तिस्म्यासाठी आहे, माला."

"आपली पहिली गेली, तिचा कुठं झाला होता बाप्तिस्मा?"

पोर आठवड्याचीही झाली नव्हती.

"ती कुठं गेली म्हणून मी विचारलं. देवाजवळ, म्हणालात. पाळकांना न विचारता म्हणालात."

"लेकरू होतं ते. त्याला काय कळत होतं?"

"तुम्हाला तरी काय कळत होतं? पण मी ते खरं धरलं. त्यावरच उठले, कामाला लागले."

"म्हणजे आईला असंच जाऊ द्यायचं? आपल्या दफनभूमीत जागासुद्धा देणार नाहीत तिला."

विजयमालानं वाडग्यात पाणी ओतलं, फडकं बुडवून पिळलं आणि म्हातारीचा हात पुसायला घेतला. तो हात आता काडीसारखा झाला होता.

"रविवारी पाळकसाहेबांनी यावं, प्रार्थना करावी, चहा घ्यावा. पाणी घालायचं नाही. जागा नाही मिळाली तर जोतीरामभावजी आत्यांना मंगळवेढ्याला नेतील, त्यांना उद्याच निरोप धाडा. आणि हा वाडगा मला रोज लागतो, तो परत फळीवर ठेवायचा नाही."