ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे

त्या डर्ट बाईकच्या क्लचमध्ये चुकीचं ऑइल मी टाकलं होतं. मामांनी नाही.

मामांना जाऊन आज वर्ष झालं. हे सगळ्यांना ते असतानाच सांगायला हवं होतं.

ताडकळसला त्यांच्या गॅरेजमध्ये मी पाच वर्षं होतो. सख्खे मामा नव्हेत. सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं.

परभणीच्या एका रायडरची सोनपेठकडे रेस होती. आदल्या दिवशी गाडी आमच्याकडे ठेवून गेला. क्लच मऊ लागत होता. तारेचा नाही, हायड्रॉलिक, नळीतल्या ऑइलच्या दाबावर चालणारा.

हँडलवरच्या क्लचच्या छोट्या टाकीच्या झाकणावरचं इंग्रजी मी एकेक अक्षर लावून वाचलं. शेवटचा शब्द, ऑइल.

फळीवर ब्रेक ऑइलची बाटली होती.

ओतलं. नळीतली हवा काढली. क्लच कडक झाला. मला फार बरं वाटलं.

सकाळी रायडरने क्लच दाबून सोडला. लिव्हर परत येईना.

"मामा, दोन तासांत स्टार्ट आहे माझा!"

मामांनी सिरिंजने टाकीतलं थोडं काढलं आणि पाण्याच्या ग्लासात थेंब सोडला.

"ऑइल असतं तर तरंगलं असतं."

थेंब पाण्यात मिसळून गेला.

"यानं आतलं रबर फुगलंय. आज पळवू नका."

"कुणी टाकलं हे?"

मी तोंड उघडलं.

"म्या टाकलं," मामा म्हणाले. "नजर चुकली."

"दिसत नसेल तर बंद करा दुकान! मी अशीच नेतो."

मामा चाकापुढे उभे राहिले.

"वळणावर क्लच सोडला अन् त्यानं उशिरा पकडलं, तर तुमच्या आईला काय सांगू म्या?"

अख्खा चौक बघत होता. रायडर गाडी टाकून, शिव्या देत गेला.

मी गाडी ढकलत आत घेतली.

"झाकण वाचलं व्हतं ना?" मामांनी नंतर विचारलं.

"वाचलं मामा. ऑइलच लिहिलंय."

"अन् बाटलीवर?"

मी बाटली फिरवली. ब्रेक फ्लुइड. ऑइल हा शब्द कुठंच नव्हता.

"आपुनच म्हणायलोत त्याला ऑइल," मामा हसले. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिहून चिकटव."

चिठ्ठी अजून बाटलीवर आहे. 'ब्रेक फ्लुइड. हे ऑइल नव्हे.'

आणि चौकात अजून म्हणतात, शेवटी मामांची नजर गेली होती.

गेली नव्हती. मातीत पडलेलं वॉशर मला सापडायच्या आत ते उचलायचे.

मामा, ती चूक माझी होती. दोनदा तपासून लिहिलंय.

आता निवांत झोपा.