सावलीमागं न पळणारा बर्फ

चाकूरच्या बसस्टँडवर मल्लिनाथची रसवंती. पहाटे लातूरहून टेंपो यायचा, बर्फाची लादी भुशात गुंडाळून पेटीत पडायची, अन् मग हा गडी दिवसभर लिंबाच्या सावलीमागं पेटी ओढत फिरायचा. सावली सरकली की पेटी सरकली! "निघाली बघा वरात," म्हणून सगळं स्टँड हसायचं.

लातूरला शिकणारी त्याची लेक रेणुका सुट्टीला आली, तिनं हे बघितलं.

"आप्पा, बुध म्हणून एक ग्रह हाय, सूर्याच्या सगळ्यात जवळ. तिथं शिसं वितळंल असं ऊन. तरी बी ध्रुवाजवळच्या खोल खड्ड्यांत बर्फ हाय. तिथं ऊन कधी पडतच न्हाई, अन् ऊब आत न्यायला हवा बी न्हाई."

"काय बी सांगती! फुफाट्यात कुठं बर्फ असतो व्हय?"

"सरकती सावली कामाची न्हाई, आप्पा. कायमची पायजे."

मल्लिनाथनं हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना. रसवंतीमागं एक कोरडा आड होता, त्याच्या भिंतीत खाली कोनाडा. आडाच्या तळाला भर दुपारी ऊन यायचं. कोनाड्यात मात्र कधीच नाही. पोरगी लातूरला परतल्यावर यानं गुपचूप एक लादी तिथं सरकवली, वर भुसा दाबून भरला. बुधावर हवा नसेल, इथं तर गरम झळा होत्या!

दुसऱ्याच दिवशी पहाटे शेजारच्या भामाबाई गेल्या. आईविना मल्लिनाथ त्यांच्याच भाकरीवर वाढलेला. त्यांचा एकुलता लेक भागवत पुण्याहून निघाला, पोचायला संध्याकाळ होणार. फोनवर हुंदके देत म्हणाला, "मल्ल्या, आईचं तोंड तेवढं दिसू दे रे."

"ये तू. मी हाय," मल्लिनाथ बोलून बसला.

अन् नेमका टेंपो आलाच नाही. बर्फाच्या कारखान्याची मशीन बंद पडलेली. पेटी उघडली, तर आत नुसतं पाणी! मे महिना, आठ वाजताच अंग भाजत होतं. देवाचं नाव घेत तो आडात उतरला, भुसा उकरला. लादीच्या कडा झिजल्या होत्या, पण लादी होती. चांगली दांडगी होती. ती वर काढून, फोडून त्यानं भामाबाईंच्या अंगाभोवती रचली.

दिवस मावळताना भागवत आला. आई निजल्यासारखी दिसत होती. तिच्या गार कपाळावर गाल टेकून तो किती तरी वेळ बसून राहिला.

मसणवट्यातून आल्यावर मल्लिनाथनं लेकीला फोन लावला.

"पोरी, तुझा तो बुधावरचा बर्फ खरा हाय."

"आता पटलं व्हय, आप्पा?" ती हसली.

"पटलं. भागवतला आई दिसली," एवढंच तो बोलला, अन् दिवसभर आवरून धरलेलं रडं मग काही केल्या आवरेना.