पेटी तिसऱ्या मजल्यावर, मंडळी कासारवाडीत

तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं इतकं संथ झालं की तबलेवाल्याने हात मांडीवर ठेवून दिले. चौथं कडवं सुरूच झालं नाही. कासारवाडीच्या त्या लहानशा चर्चमध्ये शंभरेक माणसं हातात गीतांची पुस्तकं घेऊन उभी होती आणि सगळी वळून माझ्याकडे बघत होती. स्पीकरमधून पेटीचा एक सूर अजून येत होता. मग तोही थांबला आणि एक म्हातारा आवाज आला, "का ओ, गाईनात का कुणी?"

मी आवाजाच्या मिक्सरमागे उभी होते. कंपनीत असं झालं असतं तर निदान कुणीतरी ओरडलं असतं.

माझा धंदा ऑडिओ-व्हिडिओचा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूम बसवते, त्यांच्या मोठ्या मीटिंगा लाइव्ह दाखवते. जर्मनीतला साहेब बोलतो, चाकणचे चारशे लोक ऐकतात, जांभया देतात, टाळ्या वाजवतात. अठरा वर्षं हेच केलंय. म्हणून पाळकसाहेब ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम.

पाळकसाहेब म्हणजे चर्चचे पास्टर. हसतमुख, उंच माणूस, आवाज असा की माइक लागू नये. त्यांची अडचण साधी होती. आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.

"ताई, देवाने विसाव्याचा दिवस दिला आणि एमआयडीसीने तो गुरुवारी ढकलला," ते म्हणाले. "रविवारी माझी निम्मी मंडळी चाकणला शिफ्टवर. चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून तरी त्यांना उपासना दिसली पाहिजे."

त्यांना दोन मोठे कॅमेरे हवे होते. मी म्हटलं, "एकही नको. चांगला फोन आणि स्टँड बस्स. चित्र जरा धुरकट असलं तर लोक चालवून घेतात. आवाज खरखरत आला की एका मिनिटात बंद करून रील्स बघतात."

म्हणून सगळा जोर आवाजावर लावला. फोन समोर ठेवून दिला तर तो पंखे, खोकले आणि पलीकडच्या रेल्वेचा भोंगा आधी पकडतो, प्रवचन नंतर. त्याऐवजी मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जिथे एकत्र येतात त्या डब्यातून, थेट वायर काढली. वायफायवर विसंबले नाही, राउटरपासून केबल ओढली. फोनचं सिमही काढून ठेवलं, कारण ट्रायलला पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या मधोमध पर्सनल लोनवाल्या बाईचा कॉल आला होता. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून "आमेन" म्हटलं. मिक्सर सांभाळायला मंडळीतल्या स्टेलाताईंना शिकवलं. त्या शाळेत गणित शिकवतात, दोन बैठकींत माझ्यापेक्षा नीटनेटकं करू लागल्या.

मग पाळकसाहेबांनी हळूच खरी गोष्ट काढली. "आणि पेटी याकोबकाका वाजवणार. घरून."

याकोबकाका पिंपरीतल्या एका मोटार कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेले. नगर जिल्ह्यातून तरुणपणी आले आणि चाळीस वर्षं दर रविवारी चर्चची पेटी त्यांनीच वाजवली. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. घर पिंपळे सौदागरच्या जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. माणूस पलंग आणि खुर्ची यांमध्ये अडकला होता आणि कुणाशी धड बोलत नव्हता.

"त्यांच्या घरी व्हिडिओ कॉल लावू, आवाज चर्चच्या स्पीकरला देऊ," मी म्हटलं. "होऊन जाईल."

हे "होऊन जाईल" मला पुढे चांगलंच भोवलं.

पहिली खोड अ‍ॅपने काढली. ट्रायलला काका पेटी वाजवत होते आणि चर्चमध्ये शांतता. बोलले की ऐकू येत होतं, पेटी गायब. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स माणसाचा आवाज ठेवतात आणि मागची घरघर कापतात. पेटीचा लांब सूर त्यांना पंख्यासारखा वाटतो, म्हणून तो कापला जातो. सेटिंगमध्ये जाऊन ही साफसफाई बंद करावी लागते. ती बंद केली. पेटी अशी खणखणीत आली की पाळकसाहेबांनी टाळी दिली. मीही खुशीत घरी गेले. सगळ्यांनी मिळून गाऊन बघायचं काही मला सुचलं नाही.

आणि रविवारी गाणं मेलं.

कारण ऐका. काकांची पेटी चर्चमध्ये पोचायला जवळपास अर्धा सेकंद लागत होता. चर्चचं गाणं काकांपर्यंत परत जायला तेवढाच. मंडळी पेटीबरोबरच गात होती, पण काकांना ती मागे पडलेली ऐकू यायची. भला माणूस, त्यांच्यासाठी थोडा थांबायचा. पेटी थांबली की मंडळी तिच्यासाठी थांबायची. मग काका आणखी थांबायचे. "पहले आप, पहले आप" करत दोघांनी मिळून आनंदाच्या गाण्याची प्रेतयात्रा केली. कंपनीच्या मीटिंगमध्ये हे कधी कळलंच नव्हतं, कारण तिथे साहेब बोलतो आणि बाकीचे म्यूट असतात. चर्चमध्ये सगळे एकाच वेळी तोंड उघडतात, ही साधी गोष्ट अठरा वर्षांच्या अनुभवाच्या बाईच्या डोक्यात आली नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. "ताई, काका म्हणतात घरची पेटी चर्चला देऊन टाका. म्हणतात माझे हात गेले. कुणाचं ऐकेनात."

"हात कसले गेले, चूक माझी आहे."

"ते तुम्ही त्यांना सांगा. पुढचा रविवार उपकारस्तुतीचा आहे. वर्षभराच्या भल्यासाठी देवाचे आभार मानायचा आमचा सण. त्या दिवशी पेटी नसली तर ते पुन्हा हात लावणार नाहीत, मी ओळखतो त्यांना."

गुरुवारी मी तीन जिने चढून गेले. दार मार्थाकाकूंनी उघडलं. काका खिडकीपाशी खुर्चीत, तोंड बाहेर. पेटी कोपऱ्यात, चादरीत बांधलेली, न्यायला तयार.

"सलाम काका," मी त्यांच्या मंडळीतला नमस्कार केला.

"सलाम. घिऊन जा ती पेटी."

"नेते. आधी एक टाळी ऐका."

मी लॅपटॉपवरून चर्चला कॉल लावला. तिकडे पाळकसाहेब होते, त्यांनी मी सांगितल्याप्रमाणे मोठ्या स्पीकरसमोर माइक ठेवला. मी काकांच्या कानाशी टाळी वाजवली. खोलीत टाळी वाजली, आणि एक श्वास घेता येईल एवढ्या वेळाने तीच टाळी लॅपटॉपमधून परत आली.

काकांनी मान वळवली. "परत वाजीव."

वाजवली. मग त्यांनी स्वतः वाजवली. सहा-सात वेळा. लहान मुलासारखं त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हंजी मी चुकत नव्हतो?"

"तुम्ही नाही, मंडळी नाही. आवाज रस्त्यात होता."

"मग हा येळ काढून टाक की."

"निघत नाही काका. थोडा कमी होतो, जात नाही."

काकू चहा घेऊन आल्या. काकांनी बशीत ओतला, फुंकर मारली, दोन घोट घेतले. मग म्हणाले, "पोरी, आमच्या पेंट शॉपला कन्व्हेयर हुता. मी बूथमधी रंग मारायचो. गाडीची बॉडी पट्ट्यावरनं पुढं ओव्हनमधी जायची. रंग कसा बसला ते पार तिकडच्या टोकाचा इन्स्पेक्टर बघायचा. मी त्याची वाट बघत उभा ऱ्हायलो असतो तर लाइन बंद पडली असती."

"मग काय करायचात?"

"मागं बघायचं न्हाई. पुढची बॉडी रंगवायची."

मी बशी तशीच हातात धरून बसले. उत्तर समोर होतं आणि ते पेंट शॉपमधून आलं होतं. काकांनी मंडळीला ऐकायचंच नाही! त्यांनी सरळ वाजवत जायचं. चर्चमधल्या लोकांना पेटी उशिरा पोचली तरी सगळ्यांना एकदमच पोचते. ते तिच्याबरोबर गातील. तबला तिच्याबरोबर वाजेल. उशीर आहे हे चर्चमध्ये कुणाला कळणारही नाही. कळेल फक्त काकांना, आणि त्यांच्याकडे येणारा चर्चचा आवाज मी बंद करणार.

"काका, तुम्हाला गाणं अजिबात ऐकू येणार नाही. इथे नुसती पेटी. जमेल?"

त्यांचा चेहरा जरासा उतरला. "मानसं गात्यात का न्हाई, ते बी कळायचं न्हाई?"

"नाही."

"आन धृपद कितीदा घ्यायचं ते? पाळकांना जोर चढला की ते परत परत घेत्यात."

हा प्रश्न वाजवणाऱ्यालाच सुचू शकतो. पाळकसाहेबांना फोनवर विचारलं, "धृपद किती वेळा ते आधी ठरवून द्याल का?" ते म्हणाले, "ताई, ते मी ठरवत नाही, ते होतं." शेवटी असं ठरलं: पुन्हा घ्यायचं असेल तर पाळकसाहेबांनी कडव्याच्या अर्ध्यातच उजवा हात वर करायचा. चित्र उशिरा आलं तरी तेवढा वेळ हातात राहतो. काका स्क्रीनकडे बघणार नाहीत, कारण हलणारे ओठ बघून हात पुन्हा अडखळतील. स्क्रीन काकू बघतील आणि काकांच्या खांद्यावर टपली मारतील.

"लग्न झाल्यापासून बत्तीस वर्षं वाट बघितली या कामाची," काकू म्हणाल्या. त्या दिवशी काका पहिल्यांदा हसले.

रविवारी चर्च स्टेलाताईंवर सोपवून मी काकांच्या घरी बसले. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर बंद. लॅपटॉपचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये. मी बोट खाली केलं आणि काकांनी भाता हलवला.

खोलीत नुसती पेटी. पहिली ओळ एकटी गेली. मला घाम फुटला. आणि मग माझ्या कानात अख्खं चर्च उसळलं. तबला कसा टणाटण बसला होता, बायकांचे आवाज वर, पुरुषांचे खाली, एकही माणूस मागे नाही. मला ओरडून सांगायचं होतं. सांगता येत नव्हतं, माइक समोरच होता. मी नुसती दात काढून मान हलवत राहिले. काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, ओळखायचं ते ओळखलं, आणि लय जी चढवली ती तरुण माणसाला लाजवील अशी.

पाळकसाहेबांना जोर चढला. हात वर. टपली. पुन्हा हात वर. टपली. पाचव्या-सहाव्या वेळी काकूंचेच डोळे भरले, त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि नेमका तेव्हा तिकडे हात वर गेला. टपली पडली नाही. काकांनी ऐटीत शेवट केला, भाता मिटला आणि घाम पुसला.

माझ्या कानात मात्र गाणं चालूच होतं. पेटी संपल्याचं मंडळीच्या लक्षातही आलं नव्हतं, किंवा आलं असूनही त्यांना थांबायचं नव्हतं. पेटीविना, नुसत्या तबल्यावर आणि टाळ्यांवर त्यांनी धृपद आणखी एकदा सुरू केलं होतं. मी माइक बंद केला, हेडफोन काढले आणि काकांच्या कानांवर चढवले.

त्यांचे हात लगेच पेटीकडे धावले. मी दोन्ही मनगटं धरली.

"वाजवू नका काका. नुसतं ऐका."

ते ऐकत राहिले. आधी हसू फुटलं, मग डोळ्यांतून पाणी.

"चाळीस वर्सं मी वाजवतच हुतो, पोरी," ते म्हणाले. "ही मानसं इतकी ग्वाड गात्यात, हे कवा ऐकलंच न्हाई."

चाकणच्या एका कॅन्टीनमधून दुपारी पाळकसाहेबांना मेसेज आला की टेबलावर ठेका धरल्याबद्दल सुपरवायझरने पहिल्यांदा दटावलं आणि मग कोणतं गाणं ते विचारलं. चार महिन्यांनी काका काठी टेकत जिने उतरले आणि चर्चमध्ये आपल्या जागी बसले. आता शेवटच्या धृपदाला ते मुद्दाम हात उचलून घेतात आणि मंडळीला एकटीला गाऊ देतात.

धंद्यात मी एक शिकले. उशीर घालवता येत नाही, तो कुणी सोसायचा एवढंच ठरवता येतं. हे मी आता प्रत्येक कंपनीच्या साहेबाला आधीच सांगते. आजवर एकही साहेब "मी सोसतो" म्हणालेला नाही.